हंगामभराची नाटके आणि समीक्षकाची वही

नाट्यहंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक निराळा गठ्ठा जमू लागतो. आपल्या शहरातील प्रयोग पाहून त्यांवर स्थानिक नियतकालिकांत लिहिणाऱ्या, किंवा लिहू इच्छिणाऱ्या, वाचकांची ही पत्रे असतात. या वेळचे सदर त्यांच्यासाठी राखले आहे. काहींनी नाव न छापण्याची विनंती केली असल्यामुळे सर्वच पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : एका साप्ताहिकाने या हंगामातील सगळ्या नाटकांची परीक्षणे माझ्याकडे सोपवली आहेत. पहिली तीन छापून आल्यावर शेजारी ठेवून वाचली, तेव्हा लक्षात आले की नाटकांची नावे आपसांत बदलली तरी कोणाला काही कळणार नाही. ‘सशक्त अभिनय’, ‘नेटके दिग्दर्शन’, ‘पूरक नेपथ्य’ हे शब्द तिन्हींत आहेत. यातून बाहेर कसे पडावे?

उत्तर : आपण ज्या शब्दांची यादी दिली आहे, ते सारे निकालाचे शब्द आहेत. ज्या पाहण्यातून आपण त्या निकालापर्यंत आलात, ते पाहणे मात्र कागदावर उतरलेले नाही. ‘नेटके दिग्दर्शन’ असे लिहिल्याने वाचकाला आपले मत कळते, पण प्रयोग दिसत नाही. त्याऐवजी समजा आपण असे लिहिले, की दुसऱ्या अंकात बाप घरी परततो तेव्हा मुलगी त्याच्याकडे वळत नाही, हातातल्या कपड्यांच्या घड्या घालीत ती सगळी उत्तरे देते, आणि शेवटची घडी संपल्यावर करण्यासारखे काही उरले नाही म्हणूनच तिला वळावे लागते. तर दिग्दर्शकाने काय केले हे वाचकाला कोणत्याही विशेषणाशिवाय समजते, आणि त्याला आपल्याशी असहमत होण्यासाठीही काहीतरी हाती लागते. परीक्षणातील प्रत्येक मताच्या मागे असा एक तरी पाहिलेला किंवा ऐकलेला क्षण असावा. ज्या मतामागे तो सापडत नाही, ते मत मी खोडून टाकतो.

यासाठीची तयारी प्रेक्षागृहातच करावी लागते. अंधारात न पाहता लिहिण्याची सवय करा. अक्षर मोठे ठेवा, एका पानावर दोन-तीन ओळींहून अधिक लिहू नका आणि पान उलटताना आवाज होणार नाही अशी वही निवडा. मोबाइलच्या उजेडात टिपणे काढणे हा शेजारच्या प्रेक्षकांवर आणि रंगमंचावरील नटांवर अन्याय आहे. टिपणात मते लिहू नयेत, कारण मत आपोआप लक्षात राहते. विरून जातो तो तपशील : कोणते वाक्य कोठे उभे राहून म्हटले, कोणत्या विरामानंतर दिवा बदलला, खुर्ची कोणी हलवली. घरी परतल्यावर त्याच रात्री ती टिपणे वाचनीय अक्षरात उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी आपलेच अंधारातले अक्षर आपल्याला लागत नाही.

संहिता आधी वाचावी का, हेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. नवे नाटक असेल तर मी वाचत नाही, कारण प्रेक्षकाला ते जसे प्रथम भेटते तसेच ते मला भेटावे अशी माझी इच्छा असते. प्रयोग पाहून झाल्यावर मात्र, मिळत असेल तर, अवश्य वाचतो. जुन्या, पूर्वी अनेकदा झालेल्या नाटकाची संहिता आधीच माहीत असते. तेथे रंगावृत्तीत, म्हणजे प्रयोगासाठी तयार केलेल्या संहितेत, काय गाळले, काय पुढे-मागे केले, याची नोंद घेणे हे आपले कामच आहे.

प्रश्न : अभिनयाबद्दल मी आत्मविश्वासाने लिहितो. प्रकाशयोजना, ध्वनी आणि नेपथ्य यांच्याविषयी मात्र मला तांत्रिक ज्ञान नाही, म्हणून शेवटच्या परिच्छेदात नावे देऊन मोकळा होतो. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही, आणि ज्ञानाच्या अभावाची सबबही पुरेशी नाही. कोणता दिवा वापरला हे आपल्याला ठाऊक नसले, तरी त्या दिव्याने काय दाखवले आणि काय लपवले, हे आपण खुर्चीत बसून पाहिलेलेच असते. सरळ समोरून येणारा प्रकाश चेहरा स्पष्ट करतो, पण त्याची खोली कमी करतो. विंगेतून, बाजूने येणारा प्रकाश शरीराला गोलाई देतो आणि म्हणूनच नृत्यात तो फार उपयोगी पडतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेवरून वर येणारा प्रकाश सावल्या उलट्या पाडतो आणि ओळखीचा चेहरा अनोळखी करतो. हे एवढे जरी ध्यानात ठेवून तीन-चार नाटके पाहिली, तरी डोळा तयार होऊ लागतो.

नेपथ्याला एकच प्रश्न विचारून सुरुवात करा : नटांच्या हालचालींना त्याने कोठे वाट दिली आणि कोठे अडवले? सुंदर जिना उभारला आहे, पण दोन तासांत त्यावर कोणी चढले नाही, तर तो जिना कशासाठी होता हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. काळोख करून केलेले प्रवेशबदल किती लांबतात, आणि त्या काळोखात मागच्या प्रवेशाने निर्माण केलेला ताण टिकतो की प्रेक्षक बोलू लागतात, हेही टिपून ठेवावे. ध्वनीच्या बाबतीत तर मी एक चूक केलेली आहे, तीच सांगतो. एका प्रयोगात नायिकेची वाक्ये शेवटाकडे विरून जातात, असे मी ठामपणे लिहिले. काही आठवड्यांनी तोच प्रयोग मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवरून पाहिला, तेव्हा तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. पहिल्या वेळी मी ज्या ध्वनिक्षेपकाच्या समोर बसलो होतो, त्यातून येणारे पार्श्वसंगीत तिच्या वाक्यांवर पडत होते. दोष संगीताच्या पातळीचा होता आणि मी तो एका अभिनेत्रीच्या माथी मारला होता. नियतकालिकाच्या पुढच्या अंकात मी तशी दुरुस्ती छापली. तेव्हापासून मी कोठे बसलो होतो याची नोंद वहीत पहिल्याच ओळीत करतो, आणि हंगामात मुद्दाम निरनिराळ्या ठिकाणी, अधूनमधून शेवटच्या रांगेतही, बसतो.

प्रश्न : परवाच्या प्रयोगाला सभागृह हशा-टाळ्यांनी दणाणून गेले होते. मला एकदाही हसू आले नाही. माझे मत लिहू की लोकांचे?

उत्तर : दोन्ही लिहा, पण कोणते कोणाचे हे स्पष्ट ठेवून. प्रेक्षकांचा प्रतिसाद हाही प्रयोगाचा भाग आहे आणि आपल्याकडे त्याचा विचार फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथाच्या सिद्धीविषयक अध्यायात प्रयोगाच्या यशाचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार सांगितले आहेत. स्मित, मोठे हास्य, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे या सगळ्यांची गणना मानुषी सिद्धीत होते. आणि प्रेक्षागृह भरलेले असूनही तेथे शब्द नाही, क्षोभ नाही, अशी जी अवस्था, तिला दैवी सिद्धी म्हटले आहे. म्हणजे टाळ्यांची नोंद घेणाऱ्या ग्रंथानेच शांततेलाही ऐकायला शिकवले आहे. त्यामुळे लोक हसले एवढेच लिहून थांबू नका. कशावर हसले ते पाहा : प्रसंगावर, नटाच्या वेळ साधण्यावर, की वाक्यात आलेल्या एखाद्या तयार उल्लेखावर? पहिल्या रांगांतील संस्थेचे स्नेही हसत होते की मागच्या रांगांतील अनोळखी प्रेक्षकही? आणि आपल्याला हसू का आले नाही, याचे कारण विनोदात आहे की आपल्या त्या दिवसाच्या थकव्यात?

त्याच अध्यायात हेही मान्य केले आहे की रसिकाचे सर्व गुण एकाच माणसात सापडत नाहीत, कारण जाणून घेण्यासारखे अपार आहे. म्हणून वाद उपस्थित झाल्यास छंद जाणणारा, शब्द जाणणारा, नर्तक, चित्रकार असे निरनिराळे दहा प्राश्निक, म्हणजे परीक्षक, त्यात सुचवले आहेत. आपण एकटे आहात. दहा जणांचे काम एकट्याने करीत असल्याची जाणीव लेखनात असली, की न हसण्याचे मतही वाचक आदराने ऐकून घेतात.

प्रश्न : कथानक किती सांगावे?

उत्तर : पहिला पेच उभा राहीपर्यंत. त्यापुढचे सांगितल्याशिवाय आपला मुद्दा सिद्धच होत नसेल, तर तसे एका वाक्यात बजावून मग सांगावे.

प्रश्न : मी स्वतः अभिनेता आहे. एका परीक्षणात माझ्या भूमिकेला ‘एकसुरी’ म्हटले गेले. दिग्दर्शकाने मला मुद्दाम तसेच बोलायला सांगितले होते. समीक्षकाला हे कसे कळणार, आणि कळत नसेल तर त्याने लिहावे तरी का?

उत्तर : आपल्या पत्रातील वेदना मला समजते आणि तिच्यामागचा प्रश्न समीक्षेतील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे. 1767 मध्ये जर्मनीतील हँबर्ग शहरात राष्ट्रीय रंगभूमी म्हणून एक नाट्यगृह सुरू झाले आणि तेथे होणाऱ्या प्रयोगांवर नियमित लिहिण्यासाठी नाटककार गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग यांची नेमणूक झाली. एका शहरातील हंगामाची सलग समीक्षा करण्याचा तो एक आद्य आणि अजूनही वाचावा असा प्रयत्न होता. आरंभीच्याच निवेदनात त्यांनी लिहिले, की आनंद झाला किंवा विरस झाला, तर त्यातील किती भाग नाटककाराच्या खात्यावर मांडायचा आणि किती नटाच्या, हे अचूक ओळखण्यात समीक्षकाची सूक्ष्मता असते, आणि एकाच्या दोषासाठी दुसऱ्याला बोल लावणे म्हणजे दोघांनाही बिघडवणे होय. नटाची कला क्षणजीवी आहे, त्याचे बरे-वाईट सारखेच वेगाने निघून जाते, ही अडचणही त्यांनी तेथेच मांडली. पुढे नटमंडळींची नाराजी वाढत गेली आणि लेसिंग यांनी नटांविषयी लिहिणेच सोडले. त्यांच्यासारख्या माणसाने ते सोडावे, याची मला आजही खंत वाटते.

त्या खात्यांमध्ये दिग्दर्शकाचे खाते त्यानंतरच्या काळात जोडले गेले आणि हिशेब आणखी गुंतला. तरीही काही खुणा हाती लागतात. एकाच प्रवेशातील सगळी पात्रे घाईने बोलत असतील, तर कारण बहुधा दिग्दर्शनात असते. एकच पात्र तसे बोलत असेल, तर त्या नटात किंवा त्याच्या पात्राच्या कल्पनेत. एकसुरीपणा पहिल्या प्रवेशापासून अखेरपर्यंत आहे, पण एका ठिकाणी तो अचानक मोडतो, तर तो ठरवून ठेवलेला असण्याची शक्यता मोठी. आपल्या समीक्षकाने अशी एखादी जागा शोधली होती का, हे मला ठाऊक नाही. शोधायला हवी होती, एवढे नक्की. मात्र आपणही एक गोष्ट विचारात घ्यावी. हेतू तालमीत ठरतो आणि प्रेक्षकाला मिळतो तो परिणाम. ठरवून केलेला एकसुरीपणा शेवटच्या रांगेला केवळ एकसुरी वाटला असेल, तर ती माहितीही आपल्याला आणि आपल्या दिग्दर्शकाला उपयोगी आहे. नटाच्या आवाजाविषयी, उच्चारांविषयी, देहबोलीविषयी लिहिण्याचा समीक्षकाला अधिकार आहे. नटाचा रंग, बांधा किंवा वय यांविषयी टोमणा मारण्याचा नाही, आणि तसे कोणी लिहिले असेल तर संपादकांकडे तक्रार जरूर करावी.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग फसला. एकाला वाक्य आठवले नाही, एक दिवा लागलाच नाही. तिसऱ्या प्रयोगापासून सारे जुळून आले, पण परीक्षण पहिल्याचे छापले गेले आणि पुढच्या प्रयोगांना गर्दी रोडावली. पहिल्या प्रयोगाला समीक्षकांनी येऊच नये, असा नियम का नसावा?

उत्तर : ज्या प्रयोगाचे तिकीट पूर्ण दराने विकले जाते, तो परीक्षणासाठी खुला असतो. पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकानेही आपली एक संध्याकाळ दिलेली असते. आपण सराव-प्रयोग म्हणून कमी दरात किंवा निमंत्रितांसाठी काही प्रयोग ठेवले, तसे जाहीर केले आणि समीक्षकांना त्यानंतरची तारीख कळवली, तर बहुतेक जण ती पाळतील.

समीक्षकाच्या बाजूने मात्र अपघात आणि दोष यांतला फरक करता आला पाहिजे. नाट्यशास्त्रात प्रयोगातील ‘घातां’ची, म्हणजे विघ्नांची, चर्चा आहे, त्यांतले काही दैवाने येतात, काही इतरांमुळे आणि काही नटांच्या स्वतःच्या चुकीने, जसे वाक्य विसरणे किंवा आभूषण गळून पडणे. आणि पुढे सांगितले आहे की पूर्णपणे निर्दोष किंवा पूर्णपणे गुणहीन असे काहीच नसते, म्हणून नाट्यातील दोष फार ताणून धरू नयेत. न लागलेला दिवा हा अपघात आहे, त्याला परीक्षणात जागा देण्याचे कारण नाही. विसरलेल्या वाक्यानंतर सहनटांनी प्रसंग कसा सावरला, किंवा सावरला नाही, हे मात्र संस्थेच्या तालमीविषयी बरेच काही सांगते.

परीक्षणाचा दिवस चुकला तर काय होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांचे ‘द बर्थडे पार्टी’ हे नाटक केंब्रिज आणि ऑक्सफर्ड येथे चांगले स्वागत होऊन मे 1958 मध्ये लंडनला आले. तेथील दैनिकांनी ते झोडपले आणि आठ प्रयोगांनंतर ते बंद पडले. ‘संडे टाइम्स’मध्ये हॅरॉल्ड हॉब्सन यांनी त्या नाटकाचे मोठेपण ओळखणारा लेख लिहिला, पण तो रविवारी छापून आला तेव्हा पडदा कायमचा पडलेला होता. नाटककाराला त्या लेखाने बळ दिले, प्रयोगाला तो वाचवू शकला नाही. म्हणून मी माझ्या संपादकांकडे आग्रह धरतो की परीक्षण लवकर छापा, आणि नाटक पुढे सुधारले असे कळले तर दुसऱ्यांदा पाहून चार ओळींची पुरवणी नोंद देण्याचीही मुभा ठेवा. आपल्या संस्थेने समीक्षकाला पत्र पाठवून पुन्हा बोलवावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

प्रश्न : शहर लहान आहे. ज्यांच्या नाटकांवर लिहायचे, त्यांच्यापैकी निम्मे माझे मित्र आहेत, एका संस्थेत मी पूर्वी काम केले आहे आणि सन्मानिका, म्हणजे विनामूल्य प्रवेशिका, तर सगळेच देतात. अशा स्थितीत निःपक्षपाती लिहिता येते का?

उत्तर : संबंध लपवला नाही तर येते. सन्मानिका घेण्यात गैर काही नाही, मात्र ती नियतकालिकाच्या नावाने घ्यावी आणि तिच्याबरोबर परीक्षण छापण्याचे वचन देऊ नये. आपले पूर्वी ज्या संस्थेशी नाते होते, तिचे नाटक शक्यतो दुसऱ्याला पाहू द्या. ते जमत नसेल, तर परीक्षणाच्या सुरुवातीलाच ते नाते एका वाक्यात सांगा. तालमींना जाऊन सूचना केल्या असतील, तर त्या नाटकावर अजिबात लिहू नका. प्रयोगानंतर विंगेत जाऊन भेटण्याची सवय मी मोडली आहे, कारण तेथे थकलेल्या, घामेजलेल्या नटाला पाहून तोंडून जे बाहेर पडते, ते आणि सकाळी लिहिले जाते ते, यांत अंतर पडले की दोन्ही खोटी वाटतात. मित्रांना मी परीक्षण छापून आल्यावर भेटतो. काही मैत्र्या त्यामुळे थंडावल्या, हे खरे आहे आणि त्याचे दुःखही आहे.

याच्या उलट दिशेचा धोका अधिक सूक्ष्म आहे. आपण पक्षपाती नाही हे दाखवण्यासाठी मित्राच्याच नाटकावर जास्त कठोर होणे, हाही पक्षपातच होय.

प्रश्न : हौशी संस्थेला आणि व्यावसायिक निर्मितीला एकच मापदंड लावावा का?

उत्तर : डोळे एकच ठेवावेत, प्रश्न वेगळे विचारावेत. 1820 च्या सुमारास इटालियन लेखक मान्झोनी यांच्या एका नाटकाविषयी लिहिताना जर्मन कवी-नाटककार गटे यांनी विधायक समीक्षेचे तीन प्रश्न मांडले होते : लेखकाने काय करायचे ठरवले, ते ठरवणे विवेकाचे होते का, आणि ते त्याला कितपत साधले? हे प्रश्न प्रयोगाला लावले की हौशी-व्यावसायिक ही भिंत बरीच खाली येते. दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री तालमी करणाऱ्या आठ जणांनी वीस पात्रांचे ऐतिहासिक नाटक निवडले असेल, तर दुसऱ्या प्रश्नावरच बोलावे लागते. त्यांनी चार पात्रांचे नाटक निवडून त्यावर मन लावून काम केले असेल, तर तिसऱ्या प्रश्नाला त्यांना तेवढ्याच गांभीर्याने उभे करावे. ‘हौशी असूनही छान’ हे वाक्य मी कधी लिहीत नाही. त्यात कौतुकापेक्षा उपकाराचा भाव अधिक असतो आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले जाते त्यांना तो बरोबर कळतो. एक अपवाद मात्र मी पाळतो : रंगमंचावर प्रथमच आलेल्या लहान भूमिकेतील नवख्याचे किंवा बालकलाकाराचे उणे मी नाव घेऊन लिहीत नाही.

प्रश्न : संपादक प्रत्येक परीक्षणाला पाचांपैकी किती तारे ते मागतात. द्यावेत का?

उत्तर : टाळता येत असतील तर टाळावेत. द्यावेच लागले, तर मजकूर लिहून झाल्यावर शेवटी द्यावेत, म्हणजे निदान मजकूर ताऱ्यांना साजेसा वळवला जाणार नाही.

प्रश्न : हंगाम संपल्यावर आढावा लिहायचा आहे. प्रत्येक नाटकावर पुन्हा एकेक परिच्छेद लिहिला तर ती केवळ जंत्री होते. मग लिहावे काय?

उत्तर : लेसिंग यांचे उदाहरण येथेही उपयोगी पडते. प्रत्येक प्रयोगामागून चालत जायचे असा त्यांचा संकल्प होता, पण एकेका नाटकातून निघालेली चर्चा इतकी वाढत गेली की लेख आणि हंगाम यांच्यातले अंतर महिन्यांचे झाले. एकूण 104 लेखांक 1769 मध्ये पुरे झाले, तेव्हा ते नाट्यगृहही बंद झालेले होते. आज आपण ते लेखांक वाचतो ते त्या चर्चेसाठी. प्रयोगांची यादी म्हणून ते अपुरेच आहेत. आढाव्यातही आपल्याला असेच एक-दोन प्रश्न निवडून त्यांच्या मागे जाता येईल.

ते प्रश्न वहीतून शोधा, आठवणीतून शोधू नका. आठवण शेवटच्या महिन्यातील नाटकांना झुकते माप देते आणि आरंभीची विसरते. सगळी टिपणे एका बैठकीत वाचली की वेगवेगळ्या नाटकांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी दिसू लागतात : स्त्रीपात्रे बहुतेक वेळा कोणाच्या तरी येण्याची वाट पाहत बसलेली आहेत, तीन निराळ्या दिग्दर्शकांनी शेवटचा प्रवेश प्रेक्षकांमधून चालत येऊन केला आहे, चांगले नट आहेत पण एकाही नाटकात साठीच्या पुढच्या माणसाला पूर्ण लांबीची भूमिका नाही, नवी संहिता दोनच आणि बाकी सर्व पुनरुज्जीवने. एकेका परीक्षणात हे सांगता येत नव्हते, कारण तेव्हा ते एकेकाच नाटकात दिसत होते. रंगकर्मींनाही आपल्याकडून हेच हवे असते, कारण ते स्वतः तालमींत आणि प्रयोगांत अडकलेले असतात आणि सगळी नाटके पाहणारा माणूस शहरात बहुधा समीक्षकच असतो.

आढावा लिहिण्यापूर्वी आपलीच परीक्षणेही वाचावीत. एखाद्या नाटकाला आपण आरंभी अधिक दाद दिली आणि आता ते मनात उरलेले नाही, किंवा ज्याला झिडकारले त्यातला एखादा प्रवेश अजून डोळ्यांसमोर येतो, असे आढळले तर तसे सांगावे. आणि शेवटी, जी नाटके आपल्याला पाहता आली नाहीत त्यांची नावे स्वतंत्रपणे छापावीत. आढाव्यात आपले नाव नाही म्हणजे आपले नाटक गणलेच गेले नाही, असे त्या संस्थांतील कोणालाही वाटता कामा नये.